टँकरचं पाणी

"ताई, तुमची बाग झाली. एकही झाड सोडलं नाही," असं सांगत जागृती मदत केंद्राच्या पायऱ्या चढली, तेव्हा प्रेरणाच्या हातात दान आलेल्या कपड्यांचा गठ्ठा होता. जागृती वर्ध्याच्या कॉलेजची. गुडघ्यापर्यंत चिखल, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला आणि चेहऱ्यावर दिवस सत्कारणी लागल्याचं समाधान. वणव्यानंतर बेलगोंदीत राबायला आलेल्या मुलामुलींत ही सगळ्यांत कामसू.

"एकही म्हणजे?" प्रेरणाने विचारलं.

"म्हणजे विहिरीच्या अलीकडची पण दिली. ती तर जास्तच सुकली होती हो. खाली पानांचा सडा पडलेला. टँकरमध्ये पाणी उरलं होतं, म्हटलं कशाला परत न्यायचं."

"अलीकडे द्यायला सांगितलं कोणी?"

जागृतीचं हसू जरा कमी झालं. "तुमचे सासरे, बाबा, होते ना तिथे. मी विचारलं, यांनाही देऊ का? ते हो म्हणाले."

प्रेरणाने गठ्ठा टेबलावर ठेवला. शेजारच्या बाकावर बीपी तपासायला आलेल्या बायांची रांग होती आणि रांगेत पहिली तिची सासू, यशोदाबाई, बसली होती. सकाळपासून दोघी बरोबरच होत्या. यशोदाबाईंनी सगळं ऐकलं होतं. नर्सने दंडाला पट्टा बांधायला हात पुढे केला, तसा त्यांनी पदर ओढून घेतला, "मंग पाह्यजो वो बाई," म्हणाल्या आणि पायाने चपला चाचपू लागल्या.

जागृतीला बोल लावण्यात अर्थ नव्हता. बाहेरच्या माणसाला हे कळणं कठीणच. बेलगोंदीत संत्र्याचा मृग बहार घेतात. पावसाळ्याच्या तोंडावर झाड फुलायला हवं, तर त्याआधी भर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं पिवळी पडतात, गळतात, फांद्या उघड्या होतात. पाहणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा असं झाड दिसू लागलं की शेतकरी खुशीत म्हणतो, ताण चांगला बसला. मग मृगाचं पाणी मिळालं की तेच झाड अंगभर फुलतं. मध्येच कोणी पाणी दाखवलं, तर ते नुसतं पाल्यावर जातं. बहार गेला की वर्ष गेलं.

बारंग्यांच्या बागेचे दोन भाग होते. जंगलाकडची झाडं थोरल्या भूपेंद्रची, विहिरीपासून गावाकडची धाकट्या पियुषची, म्हणजे प्रेरणाच्या नवऱ्याची. बाग वाटली गेली होती, चूल मात्र एकच होती. एप्रिलच्या शेवटी टेकडीवरून उतरलेल्या वणव्याने गावातले गोठे घेतले, गुरांच्या कुटाराचे ढीग घेतले, भूपेंद्रची सगळी बाग घेतली आणि विहिरीजवळच्या नांगरलेल्या पट्ट्याशी येऊन तो थांबला. पियुषची झाडं वाचली. दुसऱ्या दिवशी, राख अजून पायाला चटके देत असताना, पियुष भावाला म्हणाला होता, "दादा, यंदाचा बहार दोन्ही घरचा." त्या एका शब्दावर तेव्हापासून ते घर उभं होतं.

टँकर आला होता तो भूपेंद्रच्या झाडांसाठी. त्यांच्यात जीव असेल, तर तो टिकावा म्हणून. आणि टँकर कुठल्या दिवशी कुणाच्या बागेत जायचा, हे मदत केंद्राची गावातली कार्यकर्ती म्हणून प्रेरणाच ठरवत होती. घरच्या बागेचा नंबर तिने मुद्दाम शेवटी लावला होता. गावाने बोट दाखवू नये, एवढाच हेतू.

दोघी शेताच्या वाटेला लागल्या. यशोदाबाई पुढे, प्रेरणा मागे.

"त्या पोरीचं नाव नको घेऊ घरी," यशोदाबाई मागे न पाहता म्हणाल्या.

"नाही घेत. पण आई, मामाजी हो कसे म्हणाले?"

"ऐकू आलं नसन."

"ऐकायला त्यांना चांगलं येते."

"ऊन झालं होतं. डोयावर झापड असन. तू चाल लवकर."

प्रेरणा चालत राहिली. केंद्रात दर गुरुवारी सुरभी नावाची समुपदेशक यायची. पुण्याची, बोलायला गोड. तिने पहिल्याच दिवशी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं टेबलावर मांडून प्रत्येकाला आपला चेहरा उचलायला सांगितला होता. गावाने एकजात हसरा उचलला. एवढ्या लांबून आलेल्या पोरीला वाईट वाटू नये म्हणून. सुरभी बिचारी दोन दिवस गोंधळात होती. पण नंतर तिने प्रेरणाला एक गोष्ट सांगितली होती. घरात कोणी फार गप्प झालंय का, ते पाहा. प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आपण विचारतो, पण थांबत नाही.

प्रेरणाने पाहिलं होतं. वणव्यानंतर सासऱ्यांना, तानबांना, कोणी काही विचारलं, की उत्तर यशोदाबाई देत. जेवले का? जेवले ते. दुखते का काही? काई नाई दुखत त्यायले. तलाठी पंचनाम्याला आला, तेव्हाही तानबा खुर्चीवर बसले होते आणि बोलत होत्या यशोदाबाई. घरातल्या कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. म्हातारी आधीपासूनच तोंडाची फटकळ. प्रेरणालाही नक्की काही सांगता आलं नसतं. वाटत होतं एवढंच.

मोटारघराच्या सावलीत सगळे आधीच जमलेले होते. पियुष एका झाडाच्या आळ्यात उकिडवा बसून ओली माती मुठीत दाबत होता. दाबून पाणी निघणार असल्यासारखा. भूपेंद्र नुकताच कारंज्याहून आला होता; खोडांना लावायच्या चुन्याची पोती अजून मोटारसायकलशेजारीच पडलेली. त्याची बायको हर्षा चहाची रिकामी किटली धरून उभी होती. तानबा बाजेवर बसले होते, पाय हळूहळू हलवत, समोरच्या झाडांकडे बघत.

आणि नानाजी होते. तानबांचे चुलतभाऊ. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण भाऊबंदकी उकळायला लागली की वाफ त्यांच्यापर्यंत आपोआप पोचायची. अंगात मदतीच्या गठ्ठ्यातून मिळालेला, नागपूरच्या कुठल्याशा मॅरेथॉनचा पिवळा टी-शर्ट होता.

"बसा ना काका," भूपेंद्र म्हणाला. "पयत आल्यासारखे दिसता."

"टी-शर्टवर जाऊ नको. फुकटचा हाये. तुह्या भावसुनेनंच देल्ला," नानाजी म्हणाले आणि चुन्याच्या पोत्याला टेकून बसले. "मी आपला झाडाचं पाह्याले आलो. गावात लोकं काय काय बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

"मी कायले सांगू?" नानाजी म्हणाले, आणि सांगितलंच. "म्हणते, बारंग्याच्या घरात आता बिनधुराची आग लागली."

पियुष उठला. मुठीतली माती त्याने आळ्यात टाकली. "वैनी, चहा घेऊन तुमीच आलत्या ना?"

"आलती. मंग?" हर्षा म्हणाली.

"तवा पानी कुठं चालू होतं?"

"आमच्याकडं. काळ्या झाडायले. मी कप भरले, पोरायनं पेले, मी गेली. इकडं नळी कवा आली, मले माहीत नाई."

"माहीत नाई, का पाह्यली आन काई बोलल्या नाई?"

हर्षाने किटली जमिनीवर ठेवली. "भाऊजी, माह्या बागेची राखड झाली ते तुमी डोयानं पाह्यलं. आता तुमची झाडं गेल्यानं माही हिरवी होनार हायेत का?"

"मी इचारून राह्यलो फक्त."

"इचारायची बी तऱ्हा असते," भूपेंद्र म्हणाला. "सरळ बोल ना. तुले वाटते, आमी केलं."

"मले काईच वाटून नाई राह्यलं दादा. मले समजूनच नाई राह्यलं."

"पियुषचं चूक नाई," नानाजी मान हलवत म्हणाले. "ज्याची जळाली, त्याचा डोया ज्याची उभी हाये त्याच्यावर जातेच. मानसाचा जीव हाये."

"काका, यंदाचा बहार दोघाईचा ठरला होता," भूपेंद्र म्हणाला. "मी माह्याच ताटात माती कालवू?"

"हे बी खरं हाये," नानाजी लगेच म्हणाले. "मंग पियुषनं जीभ सांभाळाव."

प्रेरणा नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला, जणू फोनचाच गुन्हा होता.

"तिघाईले फोन केला. वरूडचा तो दोस्त म्हणते, आत्ताच्या आत्ता आळी उघडी कर, मुळ्याले ऊन लागू दे, माती वाळली तर तान परत बसू शकते. फळबागेचे साहेब म्हणते, आता पानी तोडू नको, झाडाले दोनदा धक्का बसन, मरन ते. आन खताच्या दुकानातला म्हणते, बहार गेला, आता काई बी कर." तो थांबला. "कोनाचं ऐकू?"

त्या प्रश्नात सगळ्यांची अडचण होती, कारण या बागेत तो प्रश्न कधी पडलाच नव्हता. ताण कधी धरायचा आणि कधी तोडायचा, हे तानबा ठरवत. पहाटे एकटेच बागेत जात, झाडाचं पान तोडून मुठीत चुरत, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकत. मग एक दिवस स्वतःच्या हाताने पहिल्या आळ्यात पाणी सोडत. आजूबाजूचे बागवाले सकाळी एकमेकांना विचारत, तानबाभाऊनं पाणी सोडलं का? वाटणी झाल्यावरही दोन्ही भावांनी हा अधिकार बापाकडेच ठेवला होता. बांध घातला गेला, पण ताण दोन्हीकडे एकाच दिवशी सुटायचा.

म्हणूनच पियुषच्या डोक्यात दुसरी शक्यता येतच नव्हती.

"बाबा हितंच बसून होते," तो म्हणाला. "बाबाच्या डोयासमोर तानाच्या झाडाले पानी? बाबानं नळी फेकून देल्ली असती. म्हणजे त्या पोरायले कोनी तरी आधीच घरचं मानूस बोललं, का सगळ्यायले द्या. घरच्या मानसाचं नाव ऐकून बाबा गप्प राह्यले असन. बाबा, तुमीच सांगा. कोन बोललं होतं?"

तानबांनी मान वर केली. धाकट्या मुलाकडे पाहिलं. ओठ हलले.

"मी बोलली," यशोदाबाई म्हणाल्या.

सगळे वळले.

"सकाळीच त्या पोरीले म्हणली मी, का सगळ्याच झाडायले द्या. माह्या ध्यानात नाई राह्यलं इकडची तानावर हायेत म्हून. झालं. आता मले खा."

"तुह्या ध्यानात नाई राह्यलं?" पियुषचा आवाज एकदम खाली आला. "आई, मी शाळेत जात होतो तवा तानाच्या झाडाखाली मुतलो, तर तुनं मले मोटारघरापासून घरापर्यंत मारत नेलं होतं."

नानाजी हसले आणि कोणीच हसलं नाही, हे पाहून त्यांनी टी-शर्टने तोंड पुसलं.

"म्हातारपन हाये," यशोदाबाई म्हणाल्या.

"म्हातारपन नाई. तुले दादाच्या झाडाचं दुख होतं. मले बी होतं. म्हून तर मी सबद देल्ला. पन तुले तेवढ्यानं समाधान नाई झालं." पियुष बोलत होता आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच पटत चाललं होतं. "ठीक हाये. बहार दोन्ही घरचा म्हणलो होतो, तो बहारच राह्यला नाई. आता चूल बी येगळी करून टाकू. मंग कोनाले कोनाचं दुख नको."

"हे इचार करून बोल," नानाजी म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकले.

हर्षा सासूकडे वळली. प्रेरणाला वाटलं, निदान ही तरी म्हातारीची बाजू घेईल. हर्षा म्हणाली, "आई, तुमी आमच्यासाठी केलं असन. पन मी काई मांगलं होतं का तुमाले? आता गाव म्हणन, थोरलीनं सासूले फितवलं. आमची बाग जळाली तवा लोकं कीव तरी करत होते."

यशोदाबाईंनी एवढंच केलं की त्या बाजेजवळ सरकल्या आणि नवऱ्याच्या खांद्याला हात टेकून उभ्या राहिल्या.

प्रेरणाला ठाऊक होतं की सासू खोटं बोलते आहे. सकाळी त्या जागृतीला भेटल्याच नव्हत्या. भाकरी टाकून प्रेरणाबरोबर केंद्रात आल्या आणि बाकावरून उठल्या, त्या बातमी ऐकूनच. शिवाय अलीकडच्या झाडांना पाणी द्यायचं, हे कुणी आधी ठरवलं नव्हतं; टँकरमध्ये उरलं म्हणून दिलं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

पण त्या वाक्याच्या पुढे काय होतं? जागृतीने विचारलं, बाबा हो म्हणाले, आणि बाबांना कळलं नाही. तानबा बारंगेंना ताणावरचं झाड कळलं नाही. नानाजी इथे बसलेले. संध्याकाळच्या आत हे गावात असणार. उद्यापासून रस्त्यात माणसं त्यांच्याशी जरा मोठ्याने बोलणार, लहान पोराशी बोलावं तसं. जे झाकायला म्हातारी आठवडेच्या आठवडे आडवी उभी होती, ते हेच. आणि न बोलावं, तर पियुष आईला तोडतो आहे, भावाला तोडतो आहे, जे घडलंच नाही त्याच्यासाठी. शिवाय आपल्याला वाटतं ते खरं तरी आहे का? उन्हाने झापड आली असेल. म्हाताऱ्याने खरंच नीट ऐकलं नसेल. प्रेरणाला काहीच धड ठरवता येईना. पियुष मात्र चपला घालत होता. एकदा तो घराकडे निघाला की चूल वेगळी करूनच थांबेल, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

ती बाजेसमोर जमिनीवर बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "त्या पोरीनं तुमाले इचारलं होतं ना, यांना पण देऊ का?"

"त्यायले काय इचारतं?" यशोदाबाई म्हणाल्या. "मी सांगून राह्यली ना—"

"आई, थांबा. मामाजीले बोलू द्या."

सासूला थांबा म्हणायची रीत त्या घरात नव्हती. भूपेंद्रने चमकून पाहिलं. पियुष एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिला. प्रेरणा पुढे काही बोलली नाही. तानबांच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिली. कुठल्या तरी आळ्यात पाणी अजून जिरत होतं, त्याचा बारीक बुडबुड आवाज येत होता. नानाजींनी घसा खाकरून तोंड उघडलं, तेव्हा हर्षाने त्यांच्याकडे न पाहताच हाताचा पंजा वर केला. नानाजींनी तोंड मिटलं.

"इचारलं," तानबा म्हणाले. "गुनाची पोरगी हाये. मले बाबा म्हणे."

प्रेरणा थांबली.

"मी पाह्यलं ना. इकडं पाह्यलं. तिकडं पाह्यलं." त्यांनी हात आधी पियुषच्या झाडांकडे नेला, मग भूपेंद्रच्या. "सगळेच जळालेले दिसले. म्हणलं, दे बाई."

मग ते धाकट्या मुलाकडे वळले. आवाज अगदी साधा होता; माहीत नसलेली गोष्ट माहीत असलेल्याला विचारावी तसा.

"यातले कोनते जळाले, सांग बरं मले."

पियुषने दुसऱ्या पायातली चप्पल घातली नाही. तो तसाच येऊन बाजेच्या कडेला बसला. भूपेंद्र झाडाला टेकला. वणव्यानंतर तो रोज सकाळी एकेका खोडाची साल नखाने खरवडून आत हिरवं दिसतं का पाहायचा. आताही त्याचं नख सवयीने सालीवर चाललं होतं, आणि ते झाड त्याचं नव्हतं.

"कवापासून आई?" त्याने विचारलं.

"आग झाली तवापासून." यशोदाबाई मोटारघराच्या भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या. "सकाळी बरे असते. दुपार झाली का असं होते. कवा कवा मले इचारते, गोठा कुठं गेला."

"आमाले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू? तुही बाग गेली, बैल गेले. त्यात हे बी सांगू?"

"धुरानं झालं असन," हर्षा म्हणाली.

"धसका घेतला बाबानं," पियुष म्हणाला.

"पोळ्याच्या वक्ती मले नत्थू म्हणत होते," नानाजी म्हणाले. नत्थू त्यांचा थोरला भाऊ, जाऊन बरीच वर्षं झालेला. "मले वाटलं, मजाक करून राह्यले."

पोळा म्हणजे आगीच्या कितीतरी आधी. प्रत्येकजण आपापल्या आठवणीत मागे मागे जाऊ लागला आणि प्रत्येकाला काही ना काही सापडू लागलं, जे तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. आग कुठून सुरू झाली, हे वनखात्याला अजून सांगता आलं नव्हतं. इथेही तसंच होतं. गुरुवारी सुरभीला सांगू, ती वर्ध्याच्या डॉक्टरांचं पाहून देईल, असं प्रेरणा म्हणाली. सगळ्यांनी मान हलवली. नेमकं कशाला हलवली, ते कोणालाच कळलं नसावं.

शेवटी भूपेंद्रने मोटारघरातून दोन फावडी आणली आणि एक पियुषच्या पायाशी टाकलं.

"ऊठ. आळी उघडू."

"कोनाच्या सांगन्यानं? साहेब म्हणते, झाड मरन."

"कोनाच्याच नाई. पानी चालू ठेवलं, तर बहार गेला हे नक्की हाये. उघडून पाह्यलं, तर कोन जाने." भूपेंद्र पहिल्या झाडाकडे निघालाही होता. "मरन तर दोघाईचं मरन. तूच बोलला होता ना, दोन्ही घरचा."

पियुषने ना माफी मागितली, ना फावड्याकडे पाहिलं. पण उठला. हर्षाने पदर खोचला आणि किटली उलटी करून भिंतीला टेकवली. "नानाजी, तुमच्या घरच्या दोन कुदळी आना," ती म्हणाली. "आन वाटेत कोनाजवळ बसू नका."

"मी काऊन बसू?" नानाजी दुखावल्यासारखे म्हणाले. ते बसणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुदळी आणतील, हेही माहीत होतं.

खोडाभोवतीची ओली माती फावड्याने बाजूला निघू लागली. बारीक पांढरट मुळ्या उघड्या पडू लागल्या. ऊन कलायला आलं होतं, पण अजून तापत होतं. प्रेरणा तांब्यात पाणी घेऊन यशोदाबाईंकडे गेली. त्यांनी तांब्या घेतला नाही.

"आता त्यायले कोनी काई इचारनार नाई," यशोदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे तू केलं."

आपण घर वाचवलं, असं प्रेरणाला वाटत नव्हतं. मोडलं, असंही म्हणवत नव्हतं. ती तांब्या धरून उभी राहिली.

"बाबा," तिसऱ्या झाडापासून पियुषची हाक आली. "किती खोल घेऊ?"

खोली पियुषला माहीत होती. ती त्या बागेतल्या प्रत्येकाला माहीत होती. यशोदाबाईंचे ओठ हलले, आणि त्यांनी ते मिटून घेतले.

तानबा बाजेवरून उतरले. झाडांच्या ओळीतून हळूहळू चालत पियुषजवळ गेले, गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि उघड्या आळ्यात पाहत राहिले. भूपेंद्रचं फावडं थांबलं. हातांनी माती ओढणारी हर्षाही थांबली.

"तुले काय वाटते?" तानबांनी विचारलं.

म्हाताऱ्याने विसरल्यामुळे विचारलं, की मुलाच्या तोंडून ऐकायचं म्हणून विचारलं, हे प्रेरणाला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

"चार बोटं," पियुष म्हणाला. "मुळी दिसली का थांबायचं."

"मंग तेवढंच घे."

पियुषने खोदलं. मुळी दिसली, तसा थांबला आणि त्याने मान वर करून बापाकडे पाहिलं. तानबांनी मान हलवली. तो पुढच्या झाडाकडे सरकला, तानबाही सरकले. उजेड होता तोवर हे असंच चाललं. प्रत्येक आळ्याशी पियुष वर बघायचा, आणि म्हातारा हो म्हणेपर्यंत थांबायचा.